कढईतली वाळू

आमच्या कुंभकोणमच्या गल्लीत रोज सकाळी शेंगदाणे भाजतात, ही मीच पसरवलेली अफवा मी आज जाहीरपणे मागे घेत आहे. भाजली जात होती ती कावेरीची वाळू!

समोरच्या परसात एक गृहस्थ लुंगी गुडघ्यावर दुमडून ती कढईत परतत. मी शेंगदाणे घ्यायला कागदाची पुडी घेऊन गेलो, तर त्यांनी गंभीर चेहऱ्याने मूठभर गरम वाळू पुडीत घातली. मग तमिळमध्ये समजावलं, "कोरडी वाळू भरून तापवली की नळी वाकताना चेपत नाही. वाळू ओली असली तर वाफेने नळी फुटते."

त्यांच्या जुन्या गाडीला जोर वाढवणारा टर्बो बसवायचा होता. इंजिनाचा धूर त्याच्यापर्यंत नेणाऱ्या चार नळ्या त्यांचा मुलगा घरीच घडवत होता. तीन झाल्या आणि तो परदेशी गेला. त्यानंतर आलाच नाही.

आता चौथी वडील घडवत होते. मुलाच्या वेल्डिंगवरून बोट फिरवायचे, आपली नळी शेजारी धरायचे, मान हलवून ती टाकून द्यायचे. तुळशीपाशी अशा सात नळ्या पडल्या होत्या. नळी जमली तर वाट पाहण्याचं निमित्त संपेल, याचीच त्यांना भीती असावी, असं मला वाटे.

आठवी बसली. त्यांनी मुलाला फोन लावून माझ्या हातात दिला आणि इंजिनापाशी धरायला सांगितला. गाडी अशी गरजली की भिंतीवरचे कावळे उडाले.

तेव्हा इतके दिवस माझ्याशी फक्त तमिळ बोललेले ते गृहस्थ, इकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतल्या जुन्या मराठीत ओरडले, "आइकलास कां रे? चारी झाल्या! आता तरी घराला ये!"