ओक्साममामाचा चुकलेला नेम

माझा ओक्साममामा माणूस म्हणून लाखात एक, पण हट्टी असा की विचारू नका. धंदा कोळसे पाडण्याचा. वर्षभर जंगलात राहायचा. तोंड काळं, कपडे काळे, हसला की दात तेवढे पांढरे. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "माझं तोंड धुऊन होईतो नवरी म्हातारी व्हायची." पण वर्षातून एक दिवस तो राजा असायचा. वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला ओढ्यावर वरच्या गावाची आणि आमच्या खालच्या गावाची दगडांची लढाई व्हायची. जे गाव मागं हटेल ते हरलं. जिंकेल त्याचं पीक चांगलं. काशाचा थाळा वाजला की हातातला दगड खाली टाकायचा, एवढा एकच नियम. मामा वरच्या गावचा. फांदीवरचा अक्रोड दगडानं सांगून पाडायचा.

माझी आई त्याची थोरली बहीण, खालच्या गावात दिलेली. म्हणजे त्या दिवशी भाऊ ओढ्याच्या त्या काठावर आणि नवरा ह्या काठावर. एका वर्षी मामाच्या दगडानं बाबांचे पुढचे दोन दात गेले. दातांचं कुणाला काही नव्हतं हो, आमच्यात निम्म्या गड्यांना पुढचे दात नव्हतेच. पण बाबा म्हणाले, "थाळा वाजल्यावर मारलास." मामा म्हणाला, "आधी मारला." झालं! आमच्याकडं थाळ्यानंतर मारलास म्हणणं म्हणजे चोर म्हणण्याहून वाईट. "दाजी शब्द मागं घेतील तेव्हाच तुझ्या दारात पाय ठेवीन," असं आईला सांगून मामा गेला तो गेलाच. बाबा तरी कुठं कमी होते? आई दर सणाला तांदळाच्या वड्या करायची, भावाच्या वाटणीच्या झाकून ठेवायची आणि शिळ्या झाल्या की मुकाट्यानं डुकराला घालायची. मला त्या दोघा बाप्यांचा असा संताप यायचा म्हणून सांगू.

मग एका उन्हाळ्यात समुद्रापलीकडून जपानचं सैन्य उतरलं. सरकारी शिपाई पळाले, त्यांचे साहेब त्यांच्याही आधी. एक तुकडी आमच्या सोल्जे खिंडीकडं निघालीय अशी बातमी आली. जव पिवळा होऊन शेतात उभा होता. खिंड पडली तर जव, घरं, गुरं सगळ्याची राख होणार हे लहान पोराला कळत होतं. आमच्याकडं बंदूक एकही नव्हती. दगड मात्र देवानं भरपूर दिले होते, आणि ते मारायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची.

दोन्ही गावच्या म्हाताऱ्यांनी बसून बेत ठरवला. खालच्या गावानं खिंडीच्या तोंडाशी उभं राहायचं, थोडे दगड मारायचे आणि पळाल्यासारखं करत आत ओढ्यात यायचं. शत्रू मागोमाग सगळा आत शिरला की आमच्या गावच्या एका म्हाताऱ्यानं थाळा वाजवायचा. तेव्हाच वरच्या गावानं कड्यावरून दगड सोडायचे. तोवर झुडपांत तोंड दाबून बसायचं.

"पळायचं काम आमच्याकडंच का?" आमच्यातला एक जण फणकारला.

"तुम्हाला सवय आहे ना," वरच्या गावचे म्हणाले. शत्रूआधी तिथंच जुंपायची वेळ आली होती.

आम्ही बायका घागऱ्यांच्या ओच्यात दगड भरून वर नेत होतो. मी तेव्हा लग्नाची झाले होते. मामाजवळ ओचा रिकामा केला तेव्हा त्यानं खाली बघतच विचारलं, "तुझा बाप कुठं उभा आहे गं?"

"सगळ्यांच्या पुढं."

"असणारच. अक्कल कमी." पण नजर काही तिथून हलेना.

शत्रू आला. बंदुका कडाडल्या. आमच्या गावानं दगड मारले, पाठ फिरवली आणि ठरल्याप्रमाणं पळत सुटलं. आणि इथं घोळ झाला. खालचं गाव पळताना बघितलं अन् वरच्या गावाला दुसरं काही सुधरेना. कुणीतरी ओरडलं, "पळाले रे, खालचे पळाले!" कुणी त्यांचा स्वतःचाच थाळा बडवायला घेतला आणि सगळं गाव झुडपांतून उठून नाचत, दगड भिरकावत उताराला लागलं, दर पौर्णिमेला लागायचं तसंच. शत्रू अजून निम्मासुद्धा आत आला नव्हता. मी कड्यावर उभी राहून मेल्यांना तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या.

पण जपान्यांना काय ठाऊक, हे आनंदानं नाचताहेत? त्यांना दिसलं ते इतकंच की अख्खा डोंगर बोंबलत अंगावर येतोय. पुढचे मागं वळले, मागचे पुढं रेटत होते, घोडे उधळले, आणि त्या अरुंद वाटेत एकमेकांना तुडवत सगळे आल्या वाटेनं गेले.

एक शिपाई तेवढा आत राहिला होता. बाबा ओढ्यातल्या शेवाळावर घसरून पडले होते आणि हा त्यांच्यावर भाला उगारून उभा. वरचं गाव सगळं खाली शत्रूच्या मागं धावलं होतं. जागेवर होता तो एकटा मामा. त्याचा हात फिरला. शिपायाच्या कानशिलावर दगड बसला आणि तो तिथंच पाण्यात कोसळला.

मामा खाली आला तेव्हा बाबा कपडे पिळत होते. "तू मारलास?"

"तुम्हालाच मारला होता, दाजी. नेम चुकला."

दोन्ही गावं पोट धरून हसली.

ती तुकडी पुन्हा आमच्याकडं फिरकली नाही. संध्याकाळी तांदळाच्या दारूची मडकी निघाली, आणि यंदा कोण जिंकलं यावर वाद सुरू झाला. मामा आमच्या कुंपणापाशी घुटमळत होता. आईनं बघितलं, गेली, आणि कान धरून त्याला आत आणलं. बाबा जरा सरकून बसले. मामा खाली मान घालून जेवायला बसला. दोन घास झाले असतील, जेवायच्या काड्यांतला घास वाटीत पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "दगड मारताना आयुष्यात पहिल्यांदा हात थरथरला गं. वीतभर इकडं झाला असता तर दाजींना लागला असता. अजून कापतोय बघ."

बाबांनी आपल्या वाटीतला माशाचा तुकडा उचलून मामाच्या वाटीत टाकला. मामानं तो उचलून परत त्यांच्या वाटीत टाकला. "खा म्हणतो ना," बाबा म्हणाले. "तुम्ही खा, मोठे तुम्ही," मामा म्हणाला. आवाज चढत गेले, तुकडा इकडून तिकडं जात राहिला, आणि चुलीपाशी बसलेली माझी आई हसता हसता रडायला लागली.