पावाच्या पिशव्या आणि बर्फ

आमच्या घरात कॉलेजात पोहोचलेला मी पहिलाच. कुणाबद्दल लिहावं एवढी माझी तयारी नाही, सांभाळून घ्या.

नेदरलँड्समधल्या युट्रेख्टहून आम्ही काहीजण दर शनिवारी दिवसभर चालायला जातो. त्यात एक काकू यायच्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. पाय भिजू नयेत म्हणून मोज्यांवर पावाच्या रिकाम्या प्लॅस्टिक पिशव्या चढवूनच त्या बूट घालत. एकदा बर्फ वाढला तेव्हा मी म्हटलं, "काकू, परत फिरूया?"

"फिर तू, घाबरट! टपाल वाटायचं काम मागायला गेले, तर त्यांनी विचारलं, पावसाबर्फात चालाल का? मी गप्प बसले. पुन्हा विचारतील तेव्हा खरं उत्तर द्यायचंय."

मी त्यांच्या मागे चालू लागलो.

गेल्या शनिवारी बर्फ पडत होता आणि काकू आल्या नाहीत. वाटलं, दमल्या. सोबतचे एकजण म्हणाले, "अरे, त्यांना काम मिळालं. आज पहिलाच दिवस."