गुरुवारचं मशीन

त्याला सगळे मातीवाला म्हणत. गावाकडे म्हणत तेव्हा त्यात थट्टा असे. एवढं शिकून पोरानं शेवटी मातीतच हात घातला, असा त्याचा अर्थ. परदेशातल्या विद्यापीठात म्हणू लागले ते मात्र मायेनं. प्रयोगशाळेत एका टेबलावर माती तपासणारा हा आणि शेजारच्या टेबलावर भूजल तपासणारा दुसरा, म्हणून एक मातीवाला नि एक पाणीवाला. तिशी ओलांडलेला माणूस, कृषी महाविद्यालयातली नोकरी रजेवर ठेवून डॉक्टरेट करायला आलेला. सोबत बायको आणि चार वर्षांची चिमी.

बायको गावाकडे मोठ्या दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीत बसायची. डॉक्टरांचं जे अक्षर खुद्द डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी लागत नसे, ते ती उभ्या उभ्या वाचायची. नवऱ्याच्या शिक्षणासाठी ती खिडकी सोडून आली. इथे तिची पदवी चालायची तर आधी एक परीक्षा द्यावी लागे आणि त्या परीक्षेचा वर्ग दर गुरुवारी संध्याकाळी भरे. चिमीला कोण सांभाळणार, हा प्रश्न होता. तो छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "गुरुवार तुझा. त्या दिवशी मी घरी. काळजीच करू नकोस."

तिनं नाव घातलं. पुस्तकांना कव्हरंसुद्धा घातली, शाळेतल्या मुलीसारखी.

आणि पहिला वर्ग भरायच्या आतच मातीतला कर्ब मोजायच्या मशीनवर त्याची पाळी लागली. मशीन एक, माणसं अनेक. त्याच्या वाट्याला नेमकी गुरुवारची संध्याकाळ आली. घरी येऊन त्यानं खाली मान घालून सांगितलं, तेव्हा तिनं हातातलं पुस्तक मिटून ठेवलं. मग म्हणाली, "तुमचं आधी होऊ दे. आपण आलोय ते तुमच्यासाठीच ना?" दुसऱ्या दिवशी जाऊन तिनं नाव काढलं. तिथला कारकून भला होता. महिनाअखेरपर्यंत परत आलात तर जागा तुमचीच, असं त्यानं सांगितलं.

इथवर मातीवाल्याचा काही दोष नव्हता.

पुढच्याच आठवड्यात मशीन सांभाळणाऱ्या बाईंनी त्याला सांगितलं, "तुमची पाळी सकाळची केलीय. गुरुवारी संध्याकाळी तुम्ही मोकळे." त्याला आनंद झाला. घरी जाऊन सांगू, या विचारानं तो कोट अंगावर चढवत होता, तेवढ्यात पाणीवाला धावत आला.

"मातीवाल्या, चल. एक गडी कमी पडतोय."

"कशाला?"

"बर्फ झाडायला."

मातीवाल्याला वाटलं रस्त्यावरचा बर्फ. पण पाणीवाल्यानं त्याला नेलं एका लांबलचक, थंडगार इमारतीत. आत जमिनीवर काचेसारखा बर्फ. त्यावरून मूठ बसवलेला जाडजूड गोल दगड एकजण हलकेच सोडतो, दगड आपल्या मर्जीनं सरकत जातो आणि त्याच्या पुढे पुढे दोघे हातात लांब दांड्याचे झाडू घेऊन बर्फ घासत पळतात. घासलं की दगड लांब जातो, सरळ जातो. पलीकडच्या टोकाला रंगवलेलं वर्तुळ. तिथून कप्तान ओरडतो. या संघाची कप्तान होती विद्यापीठाच्या ग्रंथालयातली एक थोराड बाई, आवाज असा की दगडालाही धडकी भरावी. या खेळाला कर्लिंग म्हणतात.

पहिल्याच फेरीत मातीवाला सपशेल आपटला. सगळे हसले. कप्तानबाईंनी हात देऊन उठवलं नि म्हणाल्या, "पडला नाही तो खेळलाच नाही. घ्या झाडू!"

शाळेत असताना कबड्डीला त्याला कधी कुणी घेतलं नव्हतं. सगळ्यांच्या चपला सांभाळत तो बांधावर बसायचा. आणि आज कुणीतरी त्याच्या नावानं ओरडत होतं, "मातीवाले, जोरात! अजून जोरात! शाब्बास!" दगड वर्तुळाच्या मधोमध जाऊन थांबला तेव्हा परक्या माणसांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. परदेशात आल्यापासून छातीवर बसलेलं काहीतरी त्या संध्याकाळी उठून गेलं.

घरी पोचला तर बायकोनं विचारलं, "झालं का काम मशीनवरचं?"

"झालं," तो म्हणाला. एवढंच. उद्या सांगू, असं त्याला वाटलं होतं.

तो उद्या काही आला नाही. महिना संपला, जागा गेली, आणि त्यानं तोंड उघडलं नाही. गुरुवार आला की ती डब्यात दोन घास जास्त भरायची. "मशीनपाशी उपाशी बसू नका." तो डबा तो बर्फावर उतरण्याआधी, बूट बदलायच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून खायचा. परत नेला तर ती विचारील म्हणून संपवायचा. एकदा गुडघा काळानिळा करून आला. ती तेल कोमट करून चोळत बसली.

"अहो, त्या प्रयोगशाळेत तुम्हाला पोती उचलायला लावतात की काय?"

"मातीचे नमुने जड असतात गं."

"मग सांगा त्यांना, आमचा माणूस शिकायला आलाय, हमाली करायला नाही."

ती हसत होती. त्यानं डोळे मिटून घेतले, दुखतंय असं दाखवत. दुखत होतंच, पण गुडघा नव्हे.

थंडी ओसरायला आली तेव्हा हंगामातला शेवटचा सामना आला. दोन्ही संघ बरोबरीत, शेवटचा दगड मातीवाल्याच्या संघाचा. दगड सुटला. तो आणि पाणीवाला जीव खाऊन घासू लागले. कप्तानबाई ओरडत होत्या. वर्तुळाच्या अलीकडे मातीवाल्याचा झाडू दगडाला निसटता लागला. किती? माशी बसावी इतका. दगड डुलत डुलत मधोमध जाऊन थांबला आणि त्याच्या संघानं आरोळी ठोकली.

या खेळात पंच शिट्टी घेऊन मागे फिरत नाही. चालत्या दगडाला ज्याचा झाडू लागला, त्यानंच सांगायचं, अशी तिथली रीत. पाणीवाल्यानंही पाहिलं नव्हतं. मातीवाल्यानं हात वर केला.

"माझा झाडू लागला."

आरोळी विरली. दगड बाजूला काढला गेला आणि सामना हातचा गेला. पण समोरच्या संघाचा कप्तान चालत आला आणि त्यानं मातीवाल्याचा हात दोन्ही हातांत धरला. त्या खेळात जिंकलेले हरलेल्यांना चहा पाजतात. चहाच्या टेबलावर कप्तानबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हरलो तर हरलो. पण असा माणूस संघात आहे. याची बायको किती निर्धास्त असेल!"

सगळ्यांनी टेबल वाजवलं.  कप तसाच ठेवून मातीवाला उठला.

ते राहत त्या इमारतीच्या तळघरात सगळ्या भाडेकरूंची कपडे धुवायची खोली होती. बायको तिथे चादरींच्या घड्या घालत होती आणि चिमी रिकाम्या टोपलीत बसून होडी हाकत होती. "आज लवकर?" म्हणत बायकोनं चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली. तो टोकं धरून उभा राहिला.

"अगं, मी गुरुवारी मशीनवर नसतो."

"मग?"

"बर्फ झाडतो." आणि त्यानं खेळाचं सगळं सांगितलं. दगड, झाडू, आपटणं, गुडघा, सगळं.

ती आधी बघतच राहिली. मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. "झाडता? तुम्ही? अहो, घरातली केरसुणी कुठल्या कोपऱ्यात असते ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला? सासूबाईंना कळू दे, त्या देवापुढे साखर ठेवतील!" चिमीही टोपलीत उभी राहून हसू लागली. त्याच्या जिवात जीव आला. तोही हसला. निभावलं, असं त्याला वाटलं.

डोळे पुसत तिनं सहज विचारलं, "कधीपासून हे?"

त्याचं हसू तोंडावरच राहिलं.

"अहो, कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यानंतर लगेच. पाळी सकाळची झाली होती."

तिनं चादर खाली केली. मनातल्या मनात ती मागे मागे जाताना त्याला दिसत होती.

"म्हणजे माझी जागा होती तेव्हा," ती म्हणाली. "महिनाभर होती ती जागा. मी रोज स्वतःची समजूत घालत होते, आणि तुम्हाला माहीत होतं."

"चुकलो मी."

"खेळायचंय म्हणाला असतात तर मी भांडले असते. भांडून दोघांनी काहीतरी काढलं असतं. मला भांडूसुद्धा दिलं नाहीत." तिनं त्याच्या हातातली टोकं काढून घेतली आणि उरलेली घडी एकटीनं घातली.

सकाळी तिघं त्या वर्गाच्या कार्यालयात गेली. कारकुनानं ओळखलं, पण वर्ग भरला होता, आणि नवा वर्ग एकदम पुढच्या वर्षी. "बरं," ती म्हणाली, आणि त्याचे आभारही मानले. परतताना कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानासमोर तिची चाल मंदावली. आत पांढऱ्या कोटातली एक मुलगी म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला गोळ्या समजावून देत होती. बायको थांबली नाही. पण तिनं पाहिलं हे त्यानं पाहिलं.

"मी खेळ सोडतो," तो म्हणाला.

"सोडू नका. तुम्ही खेळ सोडायचा आणि मी वर्षभर ते उपकार वागवायचे? नको."

"मग मी काय करू, सांग ना."

"तेही मीच सांगू?"

गुरुवारी कप्तानबाईंचा निरोप आला, नुसता सराव आहे, या. त्यानं त्यांना कळवलं की पुढच्या हंगामात दुसरा वार असेल तर येईन, गुरुवारी घरी असतो. संध्याकाळी त्यानं चिमीला घेतलं आणि आतली खोली बायकोसाठी मोकळी करून दिली.  बराच वेळ ती ओट्यापाशी उगीच भांडी हलवत राहिली. मग कव्हर घातलेलं पुस्तक घेऊन आत गेली आणि दार अर्धं लोटलं. आतून औषधांची नावं हलक्या आवाजात ऐकू येऊ लागली. मध्येच अडखळायची, परत पहिल्यापासून म्हणायची. पूर्वी ती कधी अडखळत नसे.

चिमी त्याच्या मांडीवर बसून ठोकळे रचत होती.

"बाबा, आज मशीन बंद पडलं?"

 हो म्हणणं किती सोपं होतं.

"संध्याकाळी मशीन नसायचंच, बाळा. बाबा खेळायला जायचा आणि आईला खोटं सांगायचा."

"का?"

आतला आवाज थांबला. त्यानं दाराकडे पाहिलं नाही.

"मजा वाटायची म्हणून," तो म्हणाला.

चिमीनं विचार केला, आणखी एक ठोकळा चढवला. जरा वेळानं आत पान उलटल्याचा आवाज आला आणि नावं पुन्हा सुरू झाली. दार अर्धं लोटलेलं होतं तसंच राहिलं.