पदरावरची केसाएवढी रेघ

बारीक रेघ जाड होऊ द्यायची नाही, एवढं ठरवूनच मी निपाणीहून बेळगावची बस पकडली. वयाची सत्तरी उलटलेला माणूस एका रेघेसाठी प्रवासाला निघतो, हे ऐकून आमच्या हिनं डबा भरून दिला, पण मान हलवत.

माझी नात सायली पुण्यात अक्षरं घडवते. संगणकावर, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. तिचं नवं अक्षर मोठं देखणं आहे. उभ्या रेघा भरदार आणि वळताना एकदम केसासारख्या बारीक. इंग्रजी अक्षरांच्या टोकांना नाजूक पावलं आहेत. एका मासिकाच्या मुखपृष्ठावर ते आलं, अत्तराच्या बाटलीवर आलं. तिच्या लग्नपत्रिकेवर नावं तर अशी उठून दिसली की मी ती पत्रिका कपाटाला टेकवून ठेवली. मागचा पत्ता वाचायला मात्र भिंग लागलं. लहान आकारात ती बारीक रेघ नाहीशीच होते.

मला त्या अक्षरात आमची शाळा दिसते. तिरपा तासलेला बोरू, दौतीतली काळी शाई आणि कवितेच्या तासाआधीचा कित्ता. बोरू उभा ओढला की जाड, तिरका सरकवला की बारीक. कविता मला आधी हातातून आवडली, कानातून नंतर.

सायलीच्या लग्नाची साडी बेळगावच्या शहापुरात हातमागावर होती. साडीच्या पदरावर, सायलीच्याच अक्षरात, मी रचलेली ओळ विणायची होती: ‘अंगणाची वाट विसरू नको, पुन्हा पुन्हा ये.’ विणकर पुंडलिकआप्पांचा फोन आला, “रेघ जाड करतो बघा, न्हायतर जमत न्हाय.” सायली म्हणाली, “आजोबा, जाड केली तर ते माझं अक्षर उरत नाही.” म्हणून ही स्वारी.

संकेश्वर मागे पडलं की उसाचे पट्टे विरळ होतात आणि काकतीचा चढ आला की बेळगाव जवळ आलं समजावं. कर्नाटकच्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही. शेजारची आक्का मला म्हणाली, “तुमी पैसं देऊन बसलाय, तुमी खिडकीला बसा.” बसलो. स्टँडवरून शहापूरला रिक्षा मिळते, भाडं आधी ठरवा. गल्ल्या अरुंद, शेवटचं थोडं चालावंच लागतं.

गल्लीत शिरलो तर खटखट नाही. अमावास्या! त्या दिवशी इथे माग बंद ठेवतात, हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. आप्पा उंबऱ्यावर बसून चहा पीत होते.

“अण्णा, आज कुठं आलासा? आज मागाला हात लावत न्हाय आमी.”

“कागदाला तर लावता?”

ते हसले. चौकटींचा कागद आला. एक चौकट म्हणजे एक धागा. माझी ओळ पदराच्या रुंदीत बसवली तर बारीक रेघेला जेमतेम एक धागा येत होता.

“एका धाग्याची रेघ पैल्या धुण्यात सुटती,” आप्पा म्हणाले. “दोन तरी पायजेत. म्हणून जाड करतो म्हटलं.”

“एकटी तीच जाड नको. सगळं अक्षरच मोठं करू.”

“मग ओळ मावणार कुठं?”

मी कंपास पेटीतली पेन्सिल काढली. आधी अंगण गेलं. मग वाट. ‘पुन्हा पुन्हा’मधला एक ‘पुन्हा’ गेला, तेव्हा आप्पांची बायको, सुमनआक्का, म्हणाली, “अवो, कविता हाय का कोथिंबीर? निवडतच चाललाय.” शेवटी उरला एकच शब्द. ये. मोठा, ऐसपैस, आणि मात्रेच्या शेपटीला पूर्ण दोन धागे.

रात्री स्टँडजवळच्या साध्या लॉजवर राहिलो. इथला खव्याचा कुंदा घेतला. तुम्हीही घ्या, पण घरी पोहोचेपर्यंत उरेल अशी आशा धरू नका.

सकाळी गल्ली खटखटत होती. साडी पदरापर्यंत आली होती, आज विणलं ते कायमचं. आप्पा छोट्या कांडीवरचा जरीचा धागा हातानं भरत गेले. दुपारी मी मागावर वाकलो आणि ओरडलोच, “आप्पा, उलटं झालं!”

“बोंबलू नगा. सुलटी बाजू खालती असती,” म्हणत सुमनआक्कानं मागाखाली आरसा सरकवला. “बघा आता, तुमची कविता.”

आरशात जरीचा ‘ये’ झळकत होता. मात्रा खाली उतरताना निमुळती होत गेली होती, अगदी बोरूसारखी. आप्पाही वाकून बघत होते.

“ऱ्हायली की वो रेघ,” ते म्हणाले. “लई हट्टी हाय.”

“रेघ?” आक्का म्हणाली. “का हे अण्णा?”

लग्न होऊन आता महिना झाला. गाळलेली ओळ अजून मनात येते, वाईट नव्हती. पण पाठवणीच्या वेळी सायली गाडीकडे चालत गेली तेव्हा पदरावरचा ‘ये’ तिच्या पाठीवर होता. आधी बारीक रेघ दिसेनाशी झाली, मग जाडही. मी बघतच होतो.

“अहो, गेली गाडी,” ही म्हणाली. “काय बघताय?”

“वाचतोय,” मी म्हणालो.