पंखा थांबू दे

आमचा शिवामामा गाडीत बसलेल्या माणसाला सुखाने उतरू देत नसे. अहमदपूरच्या बाजारात गाडी उभी करायचा, किल्ली काढायचा आणि हात आडवा धरून म्हणायचा, "बसा. पंखा थांबू दे." बॉनेटखाली रेडिएटरचा पंखा घरघरत असायचा आणि आम्ही आत घामाने निथळत बसायचो. एकदा दोन्ही मावश्या एका लग्नाच्या मांडवासमोर अक्षता पडेपर्यंत गाडीतच बसल्या होत्या.

मामाचं किराणा दुकान. मोटारीचा धडा त्याला एकदाच मिळाला, आणि तोही त्याच्या सासूबाईंच्या देखत. रेणापूरच्या रस्त्यावर भर उन्हाळ्यात पंखा बंद पडला, इंजिन उकळलं आणि सासूबाईंना कडब्याच्या ट्रॅक्टरवर बसून घरी जावं लागलं. पुढे प्रत्येक सणाला जेवायच्या वेळी त्या तो ट्रॅक्टर उकरून काढायच्या.

तेव्हापासून मामाने पंख्याचा ध्यासच घेतला. मिस्त्रीच्या मागे लागून शिकला आणि तारा स्वतः नव्याने ओढल्या. जाड तार, बॅटरीला लागूनच फ्यूज, मग पंखा चालू-बंद करणारा रिले. जादा फ्यूज चंचीत सुपारीशेजारी. बॉनेटमध्ये हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायचा आणि आम्हाला बजावायचा, "किल्ली काढली म्हनून पंख्याला कळतंय व्हय? त्येला गरम लागलं की फिरनारच. बोटं घालू नगा." दारात पाहुणा आला की पाण्याच्या आधी त्याच्या गाडीच्या पंख्याची विचारपूस व्हायची. मामी म्हणायची, "माज्या गुडघ्याची एवडी चौकशी कदी केली न्हाई."

माझं लग्न ठरलं तेव्हा "पोर माज्याच गाडीतून सासरी जानार," असं मामाने जाहीर केलं. सासर मुखेडचं. दिवस मावळायच्या आत गृहप्रवेश झालाच पाहिजे, असा सासूबाईंचा निरोप होता आणि त्यांच्या निरोपांचा धाक मला आधीच बसला होता. गाडी सजवली मावसभाऊ गजाननने. बंपरवर त्याने रंगीत दिव्यांची माळ लावली आणि तिला वीज जिथे सापडली तिथून, म्हणजे पंख्याच्याच तारेतून घेतली.

लग्न लागलं, गजाननलाही गाडीत घेऊन आम्ही निघालो आणि अर्ध्या वाटेत तापमानाचा काटा चढू लागला. मामाने एसी लावून बघितला. एसी लावला की पंखा फिरतोच, पण तो ढिम्म. गाडी बाभळीखाली उभी राहिली. नवरदेव पराक्रम दाखवायला रेडिएटरचं झाकण उघडू लागले.

"जावाईबापू, तोंड भाजलं तर फोटो कसले निगतील? थंड होऊ द्या आदी."

जळलेला फ्यूज बघून गजाननने सिगारेटच्या पाकिटातली चांदी पुढे केली. "मामा, ही गुंडाळू. लगेच निगू."

"फ्यूज मेला म्हंजी त्यानं गाडी वाचिवली. आता मारनारा हुडक."

मारणारा लगेच सापडला. माळेची तार पत्र्याला घासून सोलली होती. मामाने बॅटरीची तार काढली, माळ उपटून गजाननच्या गळ्यात घातली आणि चंचीतून तेवढ्याच ताकदीचा फ्यूज काढून बसवला. इंजिन निवल्यावर पाणी भरलं, तार जोडली, गाडी सुरू केली. थोड्या वेळाने पंखा घरघरला. त्या आवाजाने जितका आनंद झाला तितका मला मंगलाष्टकांनीही झाला नव्हता.

मुखेडला पोहोचलो तेव्हा मावळतीचं ऊन घरांच्या माथ्यावर गेलं होतं. सासूबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. मी घाईने दाराची कडी ओढणार तोच पुढून मामाचा हात आडवा आला.

"बस माय. पंखा थांबू दे."

नवरदेव घड्याळ बघू लागले. सासूबाईंच्या कपाळावर आठी चढली. आज तरी हे नको होतं, असं वाटून मला मामाचा भयंकर राग आला. मग मी कान दिला. बॉनेटखाली काहीच वाजत नव्हतं. पंखा कधीच थांबला होता. मामा समोरच्या काचेतून कुठेतरी बघत होता आणि त्याचा हात तसाच आडवा होता.

मी कडीवरचा हात काढून घेतला.

"हाव मामा," मी म्हटलं, "फिरतोय अजून."