बहिणीची किडनी चालत नाही

माझा धाकटा भाऊ कुणाही अनोळखी, मेलेल्या माणसाची किडनी घ्यायला तयार होता. माझी घ्यायला तयार नव्हता. या एकाच गोष्टीवर आमच्या घरात दीड-दोन वर्षं वाद चालला, आणि वाद मिटेपर्यंत त्याचं शरीर काही थांबून राहिलं नाही.

त्याच्या किडन्या गेल्या त्या रक्तदाबानं आणि कंबरदुखीच्या गोळ्यांनी. कुंभकोणम्‌मध्ये त्याचं भांड्यांचं दुकान आहे. दिवसभर पितळी हंडे उचलायचे, कंबर धरली की कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून गोळी आणून घ्यायची. डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही. पाय सुजले तेव्हा चपला आखडल्या असं समजून त्यानं नव्या चपला घेतल्या. रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं तोवर फार उशीर झाला होता.

मग गावानं उपचार हाती घेतले. आमच्याकडे किडनीचं नाव काढलं की लोक केळीच्या गाभ्याचा रस पुढे करतात. मुतखड्याला तो चालत असेल. ज्याच्या किडन्यांना पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही त्याचं हृदय त्यानं बंद पडू शकतं, हे मी किती जणांना सांगितलं त्याला गणती नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन यायचा, आणि त्यातही तेच पोटॅशियम. मी ती दारातच काढून घ्यायचे आणि शेजारी वाटून टाकायचे. भाऊ आजारी आणि बहीण शहाळ्यांवर टपलेली, असं लोक बोलू लागले. बोलू दिलं.

डायलिसिस सुरू झालं. भावजयीला साखरेचा आजार, आईचं वय झालेलं. रक्तगट जुळणारी आणि धडधाकट अशी मीच होते. मी शाळेत गणित शिकवते. एवढा हिशेब मला तोंडी येतो. मी म्हटलं, माझी घ्या.

आई म्हणाली, "तू दिलेली लेक. तुला द्यायचं असतं, तुझ्याकडून घ्यायचं नसतं."

"आई, मी किडनी देतेय. तुझ्या जावयाचं घर नाही."

"काही का असेना. भाऊ बहिणीकडून घेत नाही."

आमची घरं मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, असं कित्येक पिढ्या चालत आलंय. पण पोंगलला भावानं लग्न झालेल्या बहिणीकडे तांदूळ, गूळ, ऊस, हळदीचं रोप, भांडं असं स्वतः नेऊन द्यायचं, ज्याला इथे सीर म्हणतात, ते आम्ही इथल्या लोकांकडून उचललं आणि आता त्यांच्याहून कडक पाळतो. भाऊ देणारा, बहीण घेणारी. त्यात उलटं पाऊल टाकलं की भावाची मान खाली जाते म्हणे.

भावानं मृत दात्यांकडून अवयव मिळायच्या सरकारी यादीत नाव घातलं आणि निवांत झाला. मी विचारलं, "उद्या एखाद्या बाईची किडनी आली तर? तीही कुणाची तरी बहीण असेलच की."

"माझी तर नसेल ना."

"म्हणजे दुसऱ्याच्या बहिणीची चालते."

"अक्का, तुझ्याशी बोलणं म्हणजे गणिताचा तास. चुकलं तरी उभं राहा, बरोबर आलं तरी उभं राहा."

हसण्यावारी नेण्यात तो पहिल्यापासून तरबेज. माझ्या डोक्यातून मात्र ते गेलं नाही.

डायलिसिससाठी त्याच्या डाव्या हातात शीर आणि धमनी जोडली होती. फिस्टुला म्हणतात. त्यावर बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. ते गुरगुरणं म्हणजे रक्त वाहतंय, मशीनला जोडायची वाट उघडी आहे. त्या हातानं ओझं उचलायचं नाही, हातावर पिशवी अडकवायची नाही, घड्याळसुद्धा बांधायचं नाही. त्याला हे सगळं पाठ होतं. विचारलं की धडाधडा म्हणून दाखवायचा.

पोंगलला तो सीर घेऊन आला. मी पहिल्या मजल्यावर राहते. रिक्षावाला म्हणाला, मी आणतो वर. यानं त्याला हात लावू दिला नाही, कारण सीर भावाच्याच हातानं यायला हवं. उजव्या हातात उसाची मोळी, आणि डाव्या कोपरात अडकवलेली कापडी पिशवी. पिशवीत पितळी हंडा, हंड्यात तांदूळ आणि गूळ. मी दार उघडलं तेव्हा पट्ट्याचा लाल वळ त्याच्या कोपरात उठलेला होता.

"त्या हातावर घेतलंस?"

"एक जिना तर आहे."

मी बोट ठेवून पाहिलं. लागत होतं, पण मांजर दूर कुठे गेल्यासारखं. तो म्हणाला, तू दाबतेस म्हणून कळत नाही. दुसऱ्या दिवशी डायलिसिसच्या ठिकाणी तिथल्या मुलीनं हातावर स्टेथोस्कोप ठेवला आणि डॉक्टरांना बोलावलं. आत गुठळी झाली होती. प्रयत्न झाले, पण तो फिस्टुला गेला तो गेलाच. मानेतून नळी घालून मशीनला जोडायची वेळ आली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यांच्या शिरा बारीक आहेत, नवा फिस्टुला टिकेल याची खात्री नाही, आणि मानेतल्या नळीवर माणूस फार दिवस ठेवायचा नसतो. यादीत तर याच्यापुढे बरेच जण होते.

म्हणजे मला द्यायच्या नादात त्यानं स्वतःची वाट बंद करून घेतली होती, आणि माझ्याकडून घ्यायचं मात्र त्याला चालत नव्हतं. मला रडू आलं नाही. संताप आला.

मी सगळं बांधलं. हंडा, तांदूळ, गूळ, हळदीचं रोप. ऊस वाळला होता, तोही घातला. त्याच रिक्षावाल्याला बोलावलं आणि भावाच्या घरी नेऊन उतरवलं. भाऊ आतल्या खोलीत पडून होता. आई ओसरीवर.

"भावाचं सीर परत करणारी बाई मी जन्मात पाहिली नाही," आई म्हणाली.

"आता पाहिलीस. त्याला सांग, तो माझं घेत नाही तोवर मी त्याचं घेणार नाही. दिवाळीचं नाही, पोंगलचं नाही. माझ्या मुलीच्या लग्नात मामाचं ताटही नाही."

मामाचं ताट नाही म्हटल्यावर आईनं तोंडाला पदर लावला. आमच्याकडे मामाशिवाय लग्न उभं राहत नाही. भावजयीनं निमूट सामान आत नेलं. मी मागून हंडा घेऊन गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "बरं केलंत अक्का. हेच मी बोलले असते तर माझं सामान रिक्षात गेलं असतं."

भाऊ माझ्याशी बोलेना. मीही फोन केला नाही. त्याच्या औषधांचं मी भावजयीला विचारायचे. जेवणाबरोबर चावायची, फॉस्फरस अडवणारी गोळी तो बशीखाली ठेवून देतो, असं कळलं. मग एकदा मशीनवर असतानाच त्याला हुडहुडी भरली. नळीतून जंतू रक्तात गेले होते. रुग्णालयात राहून आला तेव्हा सदरा हँगरला लावल्यासारखा दिसत होता.

त्यानंतर एका दुपारी तो जिना चढून आला. पायऱ्यांवर थांबत थांबत आला, ते मला स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं. मी खाली गेले नाही. खुर्चीत बसून त्यानं दम घेतला.

"सीर परत घे अक्का."

"किडनी घे."

"हा काय बाजार आहे?"

"हो. दुसरी भाषा तुला कळत नाही."

त्यानं कपाळावरचा घाम पुसला. पाणी मागितलं. मी अर्धा पेला दिला, त्याला तेवढंच चालतं. पिऊन झाल्यावर म्हणाला, "तुला काही झालं तर? भावजींसमोर कुठल्या तोंडानं उभा राहू?"

दीड वर्षात हा प्रश्न त्यानं पहिल्यांदा विचारला. आधीच विचारला असता तर आधीच उत्तर मिळालं असतं.

"त्यासाठीच तर आधी माझी तपासणी करतात. एका किडनीवर माझं भागणार नसेल तर डॉक्टरच नको म्हणतील. आणि तुझे भावजी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, हिला अडवायला मला जमलेलं नाही, त्याला जमतंय का बघू."

तो हसला, मग खोकला. "आईला?"

"मी सांगते."

"नको. तू सांगितलंस तर भांडण होईल. मी सांगतो."

तिरुच्चीच्या रुग्णालयात माझी उलटसुलट तपासणी झाली. दोन्ही किडन्यांतली कुठली किती काम करते तेही मोजतात आणि चांगली असेल ती देणाऱ्याकडे ठेवतात. हे मी आईला दोनदा सांगितलं. मग अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे आम्हा दोघांना बसवलं. एका बाईंनी मला विचारलं, या दानासाठी तुमच्यावर कुणी दबाव आणतंय का?

"दबाव मीच आणतेय. त्याच्यावर."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी भावाला विचारलं, तुम्ही स्वखुशीनं घेताय? त्यानं मानेवरची पट्टी चाचपली. म्हणाला, "घेतो. खुशी नंतर येईल." त्यांनी ते चालवून घेतलं.

तारीख मिळाली ती आडी या तमिळ महिन्यातली. परतताना गाडीत हा म्हणतो, आडीत शुभकार्य करत नाहीत, पुढच्या महिन्यावर ढकलता येईल का विचारू या.

"आडीत लग्नं होत नाहीत. तू बोहल्यावर चढत नाहीयेस. मानेतली नळी पंचांग बघून थांबणार आहे का?"

त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. तारीख बदलली नाही.

शस्त्रक्रियेनंतर मी शुद्धीवर आले तेव्हा पोटापेक्षा खांदा जास्त ठणकत होता. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना पोटात वायू भरतात, त्यानं तसं होतं म्हणे. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर येऊन म्हणाले, किडनी जोडल्या जोडल्या लघवी सुरू झाली. मी विचारलं, किती? ते म्हणाले, भरपूर. मला आकडा हवा होता, पण घसा कोरडा पडला होता.

भावाला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, कुणाला आत सोडत नव्हते. दुसऱ्या दिवशी तिथली नर्स निरोप घेऊन आली. "तुमचे भाऊ विचारतायत, अक्काला काय हवंय."

"त्यांना सांगा, किडनी टिकवायच्या गोळ्या घड्याळ लावून घ्यायच्या. जन्मभर. मला तेवढंच हवंय."

ती गेली आणि थोड्या वेळानं परत आली. "गोळी माझ्यासमोर घेतली. पण ते विचारतायत, साडी रेशमी आणू की सुती?"

कूस बदलायची मनाई होती, म्हणून मी नुसते डोळे मिटून घेतले.