कोरड्या खोलीची मावशी

गोळ्यांच्या कारखान्यात तिला सगळे कोरडी मावशी म्हणत. एकवीस वर्षं ती कोरड्या खोलीचं यंत्र सांभाळत होती, आणि तिचं बोलणंही त्या खोलीतल्या हवेसारखंच होतं. पाण्यात टाकली की फसफसणारी गोळी तिथे नळ्यांत भरली जायची. हवेत जरा ओल असली, की ती गोळी गिऱ्हाइकाची वाट न बघता नळीतच फसफसून मोकळी होते.

ओल काढायचं काम एका चाकाचं. माणसाएवढं उंच, मधाच्या पोळ्यासारखं छिद्राछिद्रांचं, आणि त्यात लिथियम क्लोराइड नावाचं मीठ मुरवलेलं. हे मीठ हवेतलं पाणी अधाशासारखं पितं. चाक फिरतं, एका बाजूला मीठ पाणी पितं, दुसऱ्या बाजूला गरम हवा ते पाणी हाकलून देते. पथ्य एकच: दमट हवेत यंत्र बंद ठेवायचं नाही. नाहीतर मीठ पीतच राहतं आणि शेवटी स्वतःच विरघळून गळून जातं.

नव्या साहेबांना विजेची फार कळकळ. चार दिवसांची सुट्टी, बाहेर धो धो पाऊस, आणि आत हे चाक कुणासाठी फिरतंय, असा त्यांना प्रश्न पडला. मावशीने कारण सांगितलं. साहेबांनी ते मान डोलावत पूर्ण ऐकून घेतलं आणि बटण बंद केलं.

सुट्टी संपली आणि तिसऱ्या दिवशी नळ्यांची झाकणं उडायला लागली. खोलीतला आर्द्रतामापक पंधरा टक्क्यांऐवजी पंचेचाळीस दाखवत होता. साहेबांनी मापक बिघडल्याचं जाहीर करून दुसरा आणवला. त्यानेही पंचेचाळीस दाखवले, म्हणजे तोही बिघडलेलाच निघाला. मग संशय उरला तो गोळ्या भरणाऱ्या सहा बायकांवर. त्यांच्या हातांना घाम येतो, असा शोध लावून सहाही जणींना घरी बसवण्यात आलं.

त्यातली एक मावशीची भावजय. संध्याकाळी ती मावशीसमोर हात पसरून बसली.

"वन्सं, या भेगा बघा. यांना घाम कुठून येणार?"

मावशीने हात बघितले, आणि चहा टाकायला उठली. दुसऱ्या दिवशी मात्र तिने चाकाखालच्या ट्रेमधलं पाणी बाटलीत भरलं. साहेबांच्या मते ते एसीचं पाणी होतं. बोटांना ते बुळबुळीत लागत होतं. मग एसीच्या नळीखालचंही पाणी तिने वेगळ्या बाटलीत घेतलं आणि प्रयोगशाळेतल्या केमिस्टबाईंना विनंती केली, की मालकीणबाई पाहणीला येतील तेव्हा दोन मिनिटं बर्नर पेटवून द्या.

मालकीणबाई आल्या. साहेब घामावर सविस्तर बोलत होते. त्यांचं संपेपर्यंत मावशी थांबली. मग केमिस्टबाईंनी स्वच्छ तारेचं टोक एसीच्या पाण्यात बुडवून ज्योतीत धरलं. काही झालं नाही. दुसरी तार ट्रेमधल्या पाण्यात बुडवून धरली, तशी ज्योत कुंकवासारखी लालभडक झाली.

"हे लिथियम. घामातलं मीठ पिवळं जळतं," केमिस्टबाई म्हणाल्या.

मालकीणबाईंनी विचारलं, "मग हे आलं कुठून?"

"चाकातून," मावशी म्हणाली. "चार दिवस बंद होतं. मीठ सगळं ट्रेमध्ये आलंय. बायकांच्या हातात काही नव्हतं, बाई. बटणसुद्धा नाही."

साहेबांना तेवढ्यात एक महत्त्वाचा फोन आठवला.

सहाही जणी दुसऱ्या दिवशी कामावर आल्या. पण नवं चाक यायला सात आठवडे लागले आणि तोवर कोरडी खोली बंदच राहिली. त्यामुळे कारखान्याची वीज इतकी वाचली, की मुख्य कार्यालयाने साहेबांना बचतीचं पारितोषिक दिलं. त्यांनी भाषणात सहकाऱ्यांचेही आभार मानले.

चाक बसलं त्या दिवशी मालकीणबाई मावशीला म्हणाल्या, काय हवं ते मागा. तिने बटणाच्या पेटीला कुलूप आणि त्याची किल्ली मागितली. घरी जाताना वाटेत भावजय म्हणाली, "अहो वन्सं, पगार तरी वाढवून मागायचात."

"पगार साहेबांच्या हातात आहे," मावशी म्हणाली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.